शेंबड्यांची खोली

पाळणाघराचा नियम एकच होता आणि तो पालकांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना पाठ होता. अंगावर लाली उठली की मूल घरी. नुसतं नाक वाहत असेल तर मूल मागच्या खोलीत.

हा नियम मॅडमनी स्वतः काढला होता. त्या पूर्वी शाळेत शिकवायच्या. ती नोकरी सोडून त्यांनी एका इमारतीच्या तळमजल्यावर पाळणाघर सुरू केलं आणि चालवून दाखवलं. आसपासची पाळणाघरं शिंकणारं पोर दारातूनच परत पाठवत. मग आईची नाहीतर बापाची रजा जाई, बहुधा आईचीच. मॅडम तसं करत नसत. सर्दीवाल्या पोरांसाठी त्यांनी मागची छोटी खोली राखून ठेवली होती. तिथली खेळणी वेगळी, सतरंज्या वेगळ्या, पाण्याचे पेलेही वेगळे. "सर्दीला काय रजा घ्यायची?" असं त्या नव्या पालकांना हसून सांगत आणि पालक नाव नोंदवून टाकत. त्या खोलीला मॅडम विश्रांतीची खोली म्हणत. बाकी सगळे शेंबड्यांची खोली म्हणत.

मॅडमच्या हाताखाली दोघी होत्या. पोरं त्यांना थोरली मावशी आणि धाकटी मावशी म्हणत, म्हणून पालकही तसंच म्हणत आणि मॅडमही. थोरलीचे गुडघे गेलेले होते, जीभ मात्र शाबूत होती. धाकटी तिशीतली, हाताला चपळ, आणि लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला पहिल्यांदा दिवस राहिले होते. चौथा महिना चालू होता. पोट अजून ओढणीखाली झाकत होतं, पण थोरलीने ते कधीच ओळखलं होतं आणि मॅडमना सांगूनही टाकलं होतं.

पहिली लाल झाली ती बेकरीवाल्याची मुलगी. सकाळी आली तेव्हा ठीक होती. अकराच्या सुमाराला थोरलीने तिचं तोंड उजेडाकडे वळवून पाहिलं.

"हिला कोणी थोबाडीत मारली गं?"

दोन्ही गाल तसेच दिसत होते, सणसणीत चपराक बसल्यासारखे. दंडावर जाळीसारखी लाली होती. मुलगी मजेत खेळत होती. मॅडमनी तिच्या बापाला फोन केला आणि तो पिठाच्या हातानेच येऊन तिला घेऊन गेला. त्या आठवड्यात आणखी दोघं लाल झाली, तीही घरी गेली. मग मॅडमनी धाकटीला बोलावलं.

"तू आता मोठ्या खोलीत नको बाई. पोरांच्या अंगावर काहीबाही उठतंय, तुझ्या पोटाला ते बरं नाही. मागच्या खोलीत जा. पाच-सहाच पोरं असतात, खुर्ची आहे, खिडकीतून ऊन येतं. बसून काम कर."

"आणि मोठ्या खोलीत?"

"थोरली आहे, मी आहे. तू स्वतःला जप."

धाकटीला भरून आलं. घरी तिने नवऱ्याला आणि सासूबाईंना सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि कोणाला चटकन चांगलं म्हणायचा नाही. तोही म्हणाला, "बाई विचारी आहेत." सासूबाईंनी तर मॅडमना फोनच केला. "तुम्ही तिला आईच्या जागी आहात," असं त्या फोनवर म्हणाल्या, आणि ठेवल्यावर धाकटीकडे वळून म्हणाल्या, "नाहीतर हल्ली कोण कुणाचं बघतं?"

मागच्या खोलीत काम बसूनच होतं हे खरं. धाकटी खुर्चीत बसे आणि पोरं तिच्या अंगावर बसत. सर्दी झालेलं दोन-तीन वर्षांचं मूल खेळत नाही, ते चिकटतं. ते मानेत तोंड खुपसून झोपतं, उठून ओढणीला नाक पुसतं, बोलता बोलता तोंडावर शिंकतं. एखादं आपलं चाटून मऊ केलेलं बिस्किट तिच्या तोंडाशी धरी आणि तिने मान फिरवली की भोकाड पसरी. मग ती ते खाई. दिवसभर ती नाकं पुसत असे. थोरली मधून मधून दारात येऊन पाहणी करून जाई.

"या नाकांवर धरण बांधलं ना, तर अख्ख्या इमारतीची पाण्याची ददात मिटेल."

"आधी माझ्या डोळ्याखाली पसरलेलं काजळ तेवढं पुसून द्या, ताई. माझे हात भरलेत."

जुळ्या मुली त्याच खोलीत होत्या. एक रडकी, एक हसरी, आणि नाकं दोघींचीही वाहती. त्यांची आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. सकाळी दोन्ही बगलांत दोघींना घेऊन ती धापा टाकत येई. तिलाही पुन्हा दिवस गेले होते.

"तुम्हाला कितवा, मावशी?"

"चौथा. तुम्हाला?"

"तिसरा लागला. या दोघींना वाढवता वाढवता हा कसा झाला, माझं मलाच कळलं नाही."

"आता तीन बगला लागतील तुम्हाला."

"दोन तुमच्या घेईन की उसन्या," असं म्हणून ती पळे.

मागच्या खोलीतली पोरं चार-सहा दिवसांनी बरी व्हायची आणि त्यांतलं एखादं अचानक लाल व्हायचं. लाल झालं की नियमाप्रमाणे घरी. एकदा चहाच्या वेळी थोरली म्हणाली, "मॅडम, एक बघितलंत का? जेवढी लाल झाली तेवढी सगळी आधी शेंबडी होती."

"अगं, सर्दी कोणाला नसते?" मॅडम म्हणाल्या. थोरलीने चहात बिस्किट बुडवलं आणि ते बोलणं तिथेच संपलं.

मग धाकटीची मनगटं दुखायला लागली. आधी मनगटं, मग बोटांची पेरं, मग गुडघे. सकाळी बरणीचं झाकण उघडेना. दोन दिवस अंगात कणकण राहिली आणि गेली. ती तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी लिहिता लिहिता ऐकलं.

"पोटात बाळ असताना अंग दुखणारच. गोळी देतो कॅल्शियमची."

"डॉक्टर, मी पाळणाघरात कामाला आहे. तिथे पोरांना पुरळ येतंय. गाल लाल होतात."

"तुमच्या अंगावर आलंय का पुरळ?"

"नाही."

"मग झालं तर." त्यांनी कागद पुढे सरकवला आणि दाराकडे पाहिलं. पुढची बाई आत आलीच होती.

गोळ्या घेऊन धाकटी घरी आली. मनगटं थोडी सैल पडली. पाचवा महिना लागल्यावर ती ठरल्या तारखेला सोनोग्राफीला गेली. तपासणारी मुलगी आधी गप्पा मारत होती, घर कुठे, काम काय. मग ती बोलायची थांबली. तिने पडदा आपल्या बाजूला वळवून घेतला आणि म्हणाली, "एक मिनिट हं, मोठ्या डॉक्टरांना बोलावते." त्या एका मिनिटात धाकटीला सगळं कळलं. बाळाचे ठोके नव्हते. पोट फुगलेलं होतं, बाळाचं, आणि त्यात पाणी होतं.

तिला मोठ्या रुग्णालयात नेलं. बाळ पोटात गेलेलं असलं तरी बाळंत व्हावंच लागतं, हे तिला तोवर माहीत नव्हतं. शेजारच्या पलंगावरच्या बाईला त्याच दिवशी मुलगा झाला होता आणि तिचे नातेवाईक कुजबुजून आनंद करत होते. त्यांचं ते कुजबुजणं धाकटीला मोठ्याने बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी आल्यावर लोक भेटायला आले आणि प्रत्येकाने एकेक कारण आणलं. वरच्या मजल्यावरची म्हणाली, बसचे धक्के. नणंदेने फोनवर सांगितलं, गरम पाण्याची आंघोळ. सासूबाईंचं म्हणणं, ही रात्री जागत होती. कोणी वाईट बोलत नव्हतं. सगळे हळू आवाजात, डोक्यावरून हात फिरवत बोलत होते, आणि प्रत्येकाच्या बोलण्याचा शेवट एकाच जागी होत होता: हिने काहीतरी केलं.

मॅडमही आल्या. फळं घेऊन आल्या. खुर्चीत बसून त्यांनी धाकटीचा हात हातात घेतला आणि सासूबाईंकडे पाहत म्हणाल्या, "मी हिला मागे बसवलं होतं, आराम मिळावा म्हणून. तरी ही एक दिवस पडदे लावायला स्टुलावर चढलीच."

पडदे मॅडमनीच लावायला सांगितले होते. थोरलीचे गुडघे दुखतात, तू जरा लाव, असं म्हणाल्या होत्या. धाकटीला ते लख्ख आठवत होतं. पण हात त्यांच्या हातात होता, आणि बोलायला लागणारा जीव तिच्यात उरला नव्हता. त्या दिवसापासून स्टूल हेच घरातलं मुख्य कारण झालं. जिन्यात कोणी विचारलं की सासूबाई सांगत, "स्टुलावर चढली हो. ऐकत नाहीत हल्लीच्या मुली."

रुग्णालयातून बोलावणं आलं तेव्हा नवरा बरोबर गेला. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, केस पूर्ण पांढरे. त्यांनी दार लावून घेतलं, दोघांना बसवलं आणि आधी एकच प्रश्न विचारला.

"तुमच्या आसपास कुठल्या लहान मुलाचे गाल लाल झाले होते का?"

धाकटीने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "पण मला त्या पोरांपासून लांब ठेवलं होतं. मी मागच्या खोलीत होते. तिथे नुसती सर्दीवाली पोरं असायची."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नीट ऐका. पार्व्हो नावाचा एक विषाणू आहे. तुमच्या रक्तात त्याचा ताजा संसर्ग सापडला आणि बाळातही सापडला. लहान मुलांना तो होतो तेव्हा आधी साधी सर्दी होते, जरा कणकण येते. तो पसरतो तो याच दिवसांत. गाल लाल होतात ते नंतर. लाली दिसेपर्यंत मूल तो विषाणू दुसऱ्याला देऊन मोकळं झालेलं असतं."



"म्हणजे लाल पोरांपासून धोका नव्हता," धाकटी म्हणाली.

"जवळजवळ नाही."

"आणि मला ज्यांच्यात बसवलं..."

"हो."

नवऱ्याने विचारलं, "हिच्या अंगावर तर काहीच उठलं नाही."

"मोठ्या माणसांना बऱ्याचदा उठत नाही. सांधे दुखतात, तेवढंच. दुखले होते?"

धाकटीने आपल्या मनगटांकडे पाहिलं आणि मान हलवली.

मग डॉक्टरीणबाईंनी बाकीचं सांगितलं, काही न वगळता आणि काही न वाढवता. हा विषाणू रक्त तयार होण्याचं काम काही काळ बंद पाडतो. मोठ्या माणसाला ते जाणवतही नाही. पोटातल्या बाळाचं रक्त कमी पडतं, हृदय थकतं, अंगात पाणी साठतं. जवळपास निम्म्या बायकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो आणि त्यांना पुन्हा सहसा होत नाही. ज्यांना गरोदरपणात होतो, त्यांच्यातल्याही बहुतेकींची बाळं सुखरूप जन्माला येतात.

"माझं नाही आलं."

"नाही आलं."

"आधी कळलं असतं तर?"

"तर नक्की वाचलं असतं, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. फार लहान होतं. पण सांधे दुखले त्या आठवड्यात रक्त तपासलं असतं तर आपल्याला कळलं असतं. मग दर आठवड्याला बाळाला पाहिलं असतं. जरा मोठ्या बाळाला पोटातच रक्त देता येतं. तुमच्या वेळी जमलं असतं की नाही, सांगता येत नाही. पण आपण पाहत राहिलो असतो. पाहिलंच नाही, असं झालं नसतं."

उठता उठता धाकटीने विचारलं, "स्टुलावर चढल्यामुळे होतं का असं?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळ्यांनी."

"स्टुलाने नाही, बसने नाही, आंघोळीने तर नाहीच. तुम्ही काही केलेलं नाही."

रस्त्यावर आल्यावर नवऱ्याने तपासणीचे कागद घडी करून खिशात घातले. मग म्हणाला, "लिफ्ट बंद पडली तर कारण सापडल्याशिवाय आम्हाला सही करता येत नाही. इथे सगळे आपापलं कारण चिकटवून घरी गेले." आणि थोड्या वेळाने, "मीही ऐकून घेतलं ते. तुला एकदाही विचारलं नाही."

"आता विचारू नका. आता आईंना सांगा."

त्याने सांगितलं. सासूबाईंनी पलंगाच्या कडेवर बसून सगळं ऐकलं.

"म्हणजे स्टूल नाही?"

"नाही."

"बसही नाही?"

"नाही गं आई."

सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "मी तर वरपासून खालपर्यंत सगळ्यांना स्टूल सांगून बसले."

"मग आता परत जाऊन सांगा," धाकटी म्हणाली.

"काय सांगू? मला ते विषाणूचं नावही घेता येणार नाही."

"नाव नका घेऊ. सुनेचं काही चुकलं नव्हतं, एवढंच सांगा."

सुनेने सासूला असं काम सांगायची त्या घरात रीत नव्हती. नवऱ्याने आईकडे पाहिलं, आईने सुनेकडे. मग सासूबाई उठल्या, पायांत चपला सरकवल्या आणि जिन्याने वर गेल्या.

धाकटीला झोप लागत नव्हती ती वेगळ्याच कारणाने. जुळ्यांची आई रोज सकाळी त्या दारात येत होती. तिच्या दोन्ही मुली मागच्या खोलीत होत्या, आणि संध्याकाळी त्या तिच्याच मानेत तोंड खुपसत असणार. तिचा तिसरा संपून चौथा लागला असणार. कदाचित तिचीही मनगटं दुखत असतील आणि तिलाही कोणीतरी कॅल्शियम लिहून दिलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी पाळणाघरात गेली. तिने मुद्दाम पोरांच्या झोपेची वेळ निवडली, मॅडम तेव्हाच मोकळ्या असत. मोठ्या खोलीत ओळीने पोरं झोपली होती आणि मॅडम त्यांच्यामध्ये एका बुटक्या स्टुलावर बसून होत्या. थोरली मागच्या खोलीत होती. त्यामुळे पुढचं सगळं बोलणं कुजबुजत झालं.

"बस. तब्येत कशी आहे? कामावर यायची इतक्यात घाई नको हं."

"कामावर नाही आले. सांगायला आलेय."

तिने सांगितलं. मॅडमनी मधे तोडलं नाही. शेवटी विचारलं, "हे डॉक्टर म्हणाल्या, की तुला वाटलं?"

"डॉक्टर म्हणाल्या. रक्तात सापडलं, बाळातही सापडलं."

"पण इथूनच आलं कशावरून? तू बसने येतेस, बाजारात जातेस."

"बसमध्ये माझ्या तोंडावर कोणी शिंकत नाही, मॅडम."

मॅडमचा चेहरा आवळला. "मी तुला मागे का पाठवलं? सांग ना. का पाठवलं?"

"माझ्या भल्यासाठी."

"मग?"

"मग काही नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. त्यावरून मी भांडायला आलेली नाही. पण आता दोघींना माहीत आहे. जुळ्यांच्या आईला सांगा. आणखी कोणाच्या पोटात असेल तर तिलाही सांगा. आणि गरोदर बाईला त्या खोलीत पाठवू नका."

"आणि उद्या अर्धी पोरं आली नाहीत तर? त्यांच्या आयांनी नोकरीवर जायचं कसं? मी हे कोणासाठी चालवते? बायकांसाठीच ना?"

"जुळ्यांची आईपण बाईच आहे."

"तिला डॉक्टर आहेत."

"मलाही होते. तिच्या डॉक्टरांना इथली पोरं दिसत नाहीत. तुम्हाला दिसतात."

"चौथ्या महिन्यातल्या बाईला जाऊन घाबरवायचं. ती घाबरली, तिला काही झालं, तर ते कोणाच्या माथी?"

"माझ्या माथी घेते मी. नुसत्या घाबरण्याने जे होईल, ते माझ्या माथी."

मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, "हे बघ, तू दुःखात आहेस. दुःखात माणूस कारण शोधतं."

"मी नाही शोधलं, मॅडम. कारणं तुम्ही सगळ्यांनी मला घरपोच आणून दिलीत. स्टुलाचं तर तुम्हीच आणलंत, फळांबरोबर. त्या स्टुलावर मला कोणी चढवलं होतं?"

 तेवढ्यात कडेला झोपलेलं एक मूल चुळबुळलं. मॅडमनी वाकून त्याला थोपटलं आणि ते परत झोपलं. त्यांचा हात हलका होता, धाकटीने तो वर्षानुवर्षं पाहिला होता. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, असं तिला त्या क्षणी वाटलं. वाईट माणसाशी निदान मोठ्याने बोलता येतं.

"आता जा," मॅडम न वळता कुजबुजल्या. "हा उठला तर सगळी उठतील."

धाकटी गेली, पण फाटकापर्यंतच. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर ती बसून राहिली. पालक यायची वेळ झाली तशी गर्दी वाढली. मॅडमनी दारातून तिला पाहिलं आणि थोरलीला बाहेर पाठवलं.

"मॅडम म्हणतायत, आत येऊन बस. इथे बरं दिसत नाही."

"तुम्ही काय म्हणता, ताई?"

थोरलीने मागे वळून दाराकडे पाहिलं. "मी काय म्हणणार? मी म्हणते, ती चष्मेवाली आज पुढच्या बसने येतेय. फोन आला होता. बसून राहा."

जुळ्यांची आई आली ती घाईघाईत. धाकटीला पाहून ती थबकली, आणि काय बोलावं ते तिला सुचेना. हल्ली लोकांना धाकटीशी बोलताना होई तसंच झालं.

"मावशी, मला कळलं. मी यायला हवं होतं."

"ते राहू दे. तुमची मनगटं दुखतायत का?"

"काय?"

"मनगटं, बोटं, गुडघे. मागच्या आठवड्यांत कणकण येऊन गेली का?"

"नाही. का?"

धाकटीने तिला सरळ सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं त्याच क्रमाने, काही न वाढवता. बहुतेकींची बाळं सुखरूप येतात, हेही सांगितलं. जुळ्यांच्या आईचा हात नकळत पोटावर गेला. मग तिचा चेहरा लाल झाला.

"हे मॅडमना माहीत आहे?"

"आज दुपारपासून."

"आणि सकाळी मी दोघींना सोडायला आले तेव्हा त्या मला हसून म्हणाल्या, थकू नकोस हं."

"सकाळी त्यांना माहीत नव्हतं. दुपारपासूनचं विचारा."

आणखी दोन बायका आणि बेकरीवाला बाजूला येऊन उभे राहिले होते. "काय झालं?" बेकरीवाल्याने विचारलं. दारातून मॅडम म्हणाल्या, "काही नाही, काही नाही. अगं, आत ये, आपण आत बोलू."

"इथेच बोलते," धाकटी म्हणाली. दुपारभर कुजबुजलेला तिचा आवाज आता साधा, रोजचा होता, आणि तो फाटकापलीकडेही ऐकू जात होता. तिने बेकरीवाल्याला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. त्याच्या बायकोला दिवस गेलेत की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. त्यालाही एवढ्यात ठाऊक असेलच असं नाही.

जुळ्यांच्या आईने त्याच संध्याकाळी रक्त तपासायला दिलं. तपासणीत निघालं की तिला हा आजार पूर्वीच कधीतरी होऊन गेला होता. बाळाला धोका नव्हता. तिने धाकटीला फोन करून हे सांगितलं आणि फोनवर रडली. धाकटीही रडली, आणि तिचं रडणं निव्वळ आनंदाचं नव्हतं हे दोघींनाही कळत होतं.

ही बातमी मॅडमपर्यंत गेल्यावर त्या धाकटीच्या घरी आल्या. पाळणाघरात राहिलेली तिची छत्री आणि चपला एका पिशवीत घालून आणल्या होत्या. म्हणजे नोकरीचं काय ते पिशवीनेच सांगितलं. त्या दारातच बोलायला लागल्या.

"कळलं ना? काही झालेलं नाही तिला. किती लोक घाबरले. चार जणांनी पोरं काढून घेतली. आणि निघालं काय? काहीच नाही."

"बरं झालं," धाकटी म्हणाली. "ती सुटली, फार बरं झालं."

"मग मी तेच म्हणत होते."

"नाही, मॅडम. ती सुटलेली आहे हे तिला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं आणि तुम्हालाही नव्हतं. तुम्ही न सांगायचं ठरवलंत तेव्हा ती तुमच्या हिशेबात माझ्याच जागी उभी होती."

मॅडमनी सासूबाईंकडे पाहिलं. एकदा फोनवर आईच्या जागी आहात म्हणालेली ती बाई आतल्या दाराशी उभी होती. मॅडम एक पाऊल आत आल्या आणि त्यांचा हात मागच्या वेळी बसल्या होत्या त्या खुर्चीच्या पाठीकडे गेला.

"तुम्ही बसू नका," सासूबाई म्हणाल्या. "मला जिन्यात अजून दोन घरी सांगायचं राहिलंय. चला, बरोबरच उतरू. तुम्ही बरोबर असलात म्हणजे स्टुलाचंही तुमच्याच तोंडून सांगता येईल."

मॅडमनी पिशवी खाली ठेवली आणि निघाल्या. सासूबाई त्यांच्या मागोमाग जिना उतरल्या. खालच्या मजल्यावरची बेल वाजल्याचं धाकटीने ऐकलं, दार उघडल्याचं ऐकलं, आणि मग सासूबाईंचा आवाज: "अहो, जरा बाहेर या. या पाळणाघराच्या मॅडम आहेत. यांना काही सांगायचंय."